गॅलरीतलं गांडूळखत: लातूरच्या मे महिन्यात गांडुळं जगवायची कशी?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. प्रश्न उन्हाळ्याचा आहे, पण उत्तर नेमकं हवं म्हणून मांडणी सगळी सांगते.

जागा तिसऱ्या मजल्यावरची, पूर्वेकडची गॅलरी. ऊन सकाळी दहापर्यंत. घरात माणसं चार, ओला कचरा रोज अर्धा ते पाऊण किलो. त्यात भाज्यांची देठं, साली, चहाचा चोथा, अधूनमधून शिळी भाकरी. ६० बाय ४० सेंटिमीटरचे दोन प्लास्टिक क्रेट शेजारी शेजारी ठेवलेत. बुडाला भोकं, आत नारळाचा भुसा आणि जुनं शेण, वर ओलं गोणपाट. गांडुळं अर्धा किलो, 'आयसेनिया' म्हणून मिळालेली. आता मार्चच्या मध्यात दुपारी चारला बेडच्या, म्हणजे क्रेटमधल्या या ओल्या थराच्या, आत २९ अंश भरतात. नळ आठवड्यातून एकदा येतो, एरवी बोअरचं पाणी.

विचारायचंय ते असं. मे महिन्यात बाहेर ४२ झाल्यावर हा बेड कसा राखायचा? बोअरचं पाणी चालतं का? आणि रोजचा सगळा कचरा दोन क्रेटमध्ये का जिरत नाही? वरचा थर तसाच राहतो आणि चिलटं धरतात.

भूसवाला (परभणी)
ताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

ही गांडुळं खोलीवर नाही, पसाऱ्यावर जगतात. वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्येच त्यांचा सगळा वावर. म्हणून क्रेट किती लिटरचा ते सोडा, किती चौरस फुटांचा ते मोजा. आठवड्याच्या १ किलो कचऱ्याला साधारण २ चौरस फूट जागा लागते. तुमचा एक क्रेट अडीच चौरस फुटांचा, दोन मिळून पाच. म्हणजे आठवड्याला अडीच किलो. तुम्ही घालताय चार-पाच किलो.

दुसरा हिशोब वजनाचा. रुळलेली गांडुळं दिवसाला फार तर आपल्या वजनाच्या निम्मं खातात. अर्धा किलो गांडुळांना पाव किलो, आणि पहिल्या महिन्यात १०० ते १५० ग्रॅमच. वर उरलेलं पडून सडतं आणि सडताना तापतं. मे महिन्यात बहुतेक वेळा घात करतो तो हा आतला ताप. बाहेरच्या उन्हाचा नंबर त्यानंतर.

उपाय सोपा आहे. क्रेटच्या शेजारी १५-२० लिटरचे मातीचे दोन माठ ठेवा, बाजूला दहा-बारा भोकं पाडलेले. रोजचा कचरा बोटाच्या पेराएवढा चिरून माठात टाका. प्रत्येक थरावर दोन मुठी कोरडा पालापाचोळा किंवा भुसकट. माठ भरला की ८-१० दिवस तसाच ठेवा आणि दुसरा भरायला घ्या. कचरा माठात एकदा तापतो, मग निवतो आणि बसून निम्मा होतो. निवलेला तो गांडुळांना द्या. निम्मा झाला म्हणजे तुमच्या पाच चौरस फुटांत मावला.

मांजराकाठ (लातूर)
भूसवालादादा, पसाऱ्याचं हे गणित सुरुवातीला कोणीच सांगितलं नव्हतं. माठातलं निवलं हे ओळखायचं कसं?

भूसवाला (परभणी)
मधोमध चार बोटं खुपसा. माठाच्या भिंतीइतकंच गार लागलं तर तयार. कोमट लागलं तर अजून चार दिवस. आंबूस वास आला तर ओल जास्त आहे, कोरडं भुसकट मिसळून खालीवर करा.

शेणामेण
आधी गांडुळं नक्की कुठली ते बघा. आपल्याकडे तीन जाती एकाच नावानं विकल्या जातात आणि उन्हाळ्यात तिघींचं वागणं वेगवेगळं असतं.

आयसेनिया फेटिडा लालसर तपकिरी, काडीपेटीतल्या काडीपेक्षा थोडी जाड, लांबी बोटाएवढी. कड्यांच्या मधल्या खाचा पिवळट दिसतात, त्यामुळे अंगावर पट्टे असल्यासारखं वाटतं. शेपटीचं टोक फिकट पिवळं. जोरात चिमटीत धरली की पिवळसर, वास मारणारा द्राव सोडते. १५ ते २५ अंशांत ती खुशीत असते.

युड्रिलस युजेनी म्हणजे 'आफ्रिकन'. बोरूएवढी जाड, पूर्ण वाढलेली वीतभर, रंग जांभळट तपकिरी. २५ ते ३० अंश तिला मानवतात, म्हणून मराठवाड्यात मार्चपर्यंत तीच भराभर काम करते. थंडीत मात्र मलूल पडते. परभणीचा पारा कधी कधी ५ च्या खाली उतरतो, त्या आठवड्यात ती जवळजवळ खातच नाही.

तिसरी पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. बारीक, चपळ, उजेडात पाठीवर निळा-जांभळा झळाळ. उष्णता चांगली सोसते, पण हवा पडली, पाऊस जवळ आला की रात्रीतून सगळी बाहेर निघते.

बेड ३५ च्या वर गेला की आयसेनिया आणि युड्रिलस दोन्ही धोक्यात. तिन्ही मिसळलेल्या असतील तर वेगळं करत बसू नका. उन्हाळा ज्यांना झेपेल त्या राहतील.

कयाधू (हिंगोली)
शेतातली, पावसात वर येणारी गांडुळं आणून टाकली तर? फुकट मिळतात.

शेणामेण
नाही जमत. ती मातीत खोल बिळं करून राहणारी, मातीबरोबर खाणारी. नुसत्या कचऱ्याच्या उथळ बेडमध्ये ती मरतात किंवा निघून जातात. शेतातच त्यांचं काम मोठं आहे, तिथंच राहू द्या.

दुधना (सेलू)
आता उन्हाळा. बाहेर ४२ म्हणजे बेडमध्ये ४२ असं नसतं. एप्रिल-मे मधली आपली हवा खडखडीत कोरडी असते आणि कोरड्या हवेत ओली वस्तू गार राहते. माठातलं पाणी ज्या न्यायानं गार होतं त्याच न्यायानं बेड गार ठेवायचा. त्यासाठी बेडला वारा लागला पाहिजे आणि ओल बाहेर पडायला वाट पाहिजे. प्लास्टिकचं झाकण घट्ट लावलं की हे थांबतं, आत वाफ कोंडते. झाकण काढा आणि दुहेरी गोणपाट घाला.

क्रेट सरळ फरशीवर ठेवू नका. गॅलरीची फरशी रात्री उशिरापर्यंत धग सोडते. चार विटांवर ठेवा, खालून वारा जाऊ द्या. वरून ७५ टक्के सावलीची शेडनेट लावा, पण ती गोणपाटाला टेकवू नका, फूटभर वर ताणा.

संक्रांतीची सुगडं घरात पडलेली असतात. कच्च्या रंगाची, झिलई नसलेली सुगडं घ्या, क्रेटच्या चार कोपऱ्यांत गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा आणि वर पणती झाका. पाणी हळूहळू पाझरतं, भोवतालची दोन-चार बोटं माती गार आणि ओली राहते. दुपारी गोणपाट उचलून बघा, गांडुळं सुगडाला चिकटून गोळा झालेली दिसतील. म्हणजे त्यांना पळायला जागा मिळाली. रंगीत लेप दिलेली सुगडं उपयोगाची नाहीत, ती पाझरत नाहीत.

पाणी दुपारी देऊ नका. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी मे महिन्यात दुपारी दोनला हाताला चटका देतं. ते बेडवर ओतलं तर बेड उकडून निघतो. रात्री माठात भरून ठेवायचं आणि सकाळी सहाला व नंतर सूर्य मावळल्यावर फवारायचं. एका क्रेटला दोन्ही वेळचं मिळून ३०० ते ५०० मिलिलिटर पुरतं.

आणि खाणं तोडा. एप्रिलच्या मध्यापासून एक तृतीयांशावर आणा, तेही फक्त एका कोपऱ्यात. दुसरा कोपरा रिकामा ठेवा, तिथं नुसता ओला पुठ्ठा नि जुनं शेण. बेड ३३ च्या वर गेलाच तर फ्रीजरमध्ये गोठवलेली लिटरभराची बाटली फडक्यात गुंडाळून गोणपाटावर ठेवा. आत पुरू नका.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)
दुधनाभाऊंचं सगळं बरोबर आहे, तरी माझं मत वेगळं आहे. पाणी आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या घरात एप्रिल ते मृग पूर्ण बेड चालवूच नये. दोन्ही क्रेट मार्चअखेर उपसा. बियाण्यापुरती मूठभर गांडुळं, म्हणजे ५०-१०० ग्रॅम, एका ५-७ लिटरच्या माठात जुन्या शेणात ठेवा आणि तो माठ घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात न्या. बहुतेक घरांत ती जागा न्हाणीघराशेजारची मोरी असते. आठवड्याला चमचा-दोन चमचे खाणं, बास. बाकी कचरा माठांमध्ये साध्या कंपोस्टला जाऊ द्या. साध्या कंपोस्टला उष्णता मारक नाही, उलट उपकारक आहे.

मृगाच्या पावसानंतर तीच गांडुळं क्रेटमध्ये सोडली की दोन-तीन महिन्यांत संख्या पुन्हा भरते. आयसेनियाचा कोष साधारण तीन आठवड्यांत फुटतो, एका कोषातून दोन-चार पिल्लं निघतात आणि सहा ते आठ आठवड्यांत ती स्वतः कोष टाकायला लागतात.

२०१८ च्या फेब्रुवारीत आमच्या शहराचा कचरा जिथं टाकला जायचा त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा शहराला कळलं की ओला कचरा घरात जिरला पाहिजे. पण त्यासाठी बाराही महिने गांडुळंच पाहिजेत असं थोडंच आहे? आपल्या हवामानात उन्हाळ्यात माठ आणि बाकी वर्षभर गांडुळं, हे मला जास्त टिकाऊ वाटतं.

दुधना (सेलू)
खामकाठ, गॅलरी पश्चिमेची किंवा दक्षिणेची असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पूर्वेच्या गॅलरीत, दहानंतर सावली असताना, बेड ३० ते ३२ वर थोपवता येतो. पाण्याचा खर्च रोजचा लिटरभर, दोन्ही क्रेटचा मिळून. तेवढं तर डाळ-तांदूळ धुतलेलंच निघतं.

प्राजक्ता_गच्ची
मोरीतला माठ ही कल्पना आवडली. वाचूनच गार वाटलं :)

बिंदुसरा (बीड)
पाण्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मराठवाड्यात गांडुळांना उन्हाच्या खालोखाल त्रास क्षाराचा आहे आणि तो दिसत नाही.

हिशोब बघा. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, १५०० असेल तर १ लिटरमध्ये दीड ग्रॅम क्षार. रोज लिटरभर पाणी दिलं, ते उडून गेलं, क्षार मात्र बेडमध्येच राहिला. दोन महिन्यांत ९० ग्रॅम. दहा-बारा किलोच्या बेडमध्ये ९० ग्रॅम मीठ मिसळल्यासारखंच ते. गोणपाटाच्या कडांवर पांढरी खर धरलेली दिसते ना, तीच खूण. गांडूळ ओल्या कातडीनं श्वास घेतं, क्षार वाढला की त्याच्या अंगातलंच पाणी ओढलं जातं.

म्हणून पाण्याचा क्रम असा लावा: एसीचं ठिबकणारं पाणी सर्वांत उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतो. मग नळाचं साठवलेलं. आठवडाभर पिंपात राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडालेला असतो, त्यामुळे आपल्याकडे तो प्रश्न सहसा येत नाही. ताजं भरलेलं असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवा. मग डाळ-तांदळाचं पहिलं धुवण, पण त्यात मीठ पडलेलं नसावं. बोअरचं अगदी शेवटी.

आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी अजिबात नको. पाणी वाचवायचं म्हणून बरेच जण तेच बेडला देतात, पण गाळून काढलेला सगळा क्षार त्यातच असतो. तसंच कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी. आणि कूलरचं जुनं गवत चिरून बेडमध्ये घालायचा मोहही टाळा, त्याच्या प्रत्येक काडीवर क्षाराची पुटं असतात.

बोअरशिवाय गत्यंतर नसेल तर महिन्यातून एकदा चांगल्या पाण्याचे ३-४ लिटर झारीनं हळूहळू वरून सोडून बेड धुवून काढा आणि खाली निघालेलं पाणी फेकून द्या. खालची भोकं तुंबलेली नाहीत ना, ते आधी बघा.

मांजराकाठ (लातूर)
आरओचं पाणी आजच बंद. नारळाचा भुसा धुवून घ्यायचा असतो का? मी फक्त भिजवला होता.

बिंदुसरा (बीड)
धुवायचा. त्यातही मीठ असतं. भिजवून, पिळून, पाणी टाकून, असं तीनदा.

तेरणेकर (धाराशिव)
नारळाचा भुसा विकत कशाला आणायचा? तो कोकणातल्यांना सोपा. आपल्याकडं अंथरुणाला लई माल पडून आहे.

उसाचं पाचट असेल तर इंच-दीड इंचाचे तुकडे करून दोन दिवस भिजवा. ते लवकर कुजत नाही, म्हणून तळाला दोन इंच घाला, हवा खेळती राहते. वर सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, हे लवकर मऊ होतं आणि गांडुळांना आवडतं. ज्वारीच्या कडब्याची कुट्टीही चालते. तुराट्या-पऱ्हाट्या नकोत, वर्षभर तशाच राहतात. पुठ्ठ्याची खोकी चिकटपट्टी काढून, फाडून, भिजवून घाला. गुळगुळीत चकचकीत कागद नको.

साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ (प्रेसमड), मिळत असेल तर जुनी घ्या, दोन-तीन महिने पडून काळी झालेली. ताजी मळी ढिगात पेटल्यासारखी तापते. शेणाचंही तसंच. ताजं शेण १०-१५ दिवस सावलीत पसरून, पाणी मारून, दोन-तीनदा उलथून मगच घाला. गोठ्यात गोचिडाचं औषध नुकतंच फवारलं असेल तर तिथलं शेण महिनाभर तरी घेऊ नका.

आणि काळी माती एका क्रेटला एक मूठ, जास्त नाही. गांडुळाच्या पोटात दळायला बारीक कच लागते तेवढ्यापुरती. जास्त घातली की ओली असताना चिकटून हवा कोंडते आणि वाळली की भेगाळते, शेतात होतं तसंच.

प्राजक्ता_गच्ची
खायला काय चालत नाही त्याची यादी कुठे एकत्र आहे का? आमच्याकडे मोसंबीच्या साली भरपूर निघतात, हंगामात सीताफळं, पुढे कलिंगड नि आंबे.

भूसवाला (परभणी)
मोसंबी-लिंबाच्या साली एकदम नको. सालीतलं तेल आणि आंबटपणा दोन्ही नडतात. उन्हात कडकडीत वाळवून, चुरून, आठवड्याला एका क्रेटला मूठभर. नाहीतर माठातच टाका, तिथे जिरतात.

सीताफळाच्या साली माठात चालतील, बिया मात्र वेगळ्या काढा. त्या बियांत कीटकांना मारणारे घटक असतात, उवांसाठी त्यांची पूड लावत ते उगीच नाही. बेडमध्ये त्यांचं काही काम नाही.

कलिंगड-खरबुजाच्या साली गांडुळांचा जीव की प्राण, पण त्यात पाणीच पाणी. अर्धा दिवस सुकवून द्या आणि जोडीला कोरडा पुठ्ठा. आंब्याच्या साली चालतात, कोयी नाही. कांदा-लसणाची कोरडी टरफलं थोडी चालतात. तेल-तिखट-मीठ पडलेलं काहीही नको, लोणच्याची फोड तर नकोच. दूध, दही, मटण, मासळी नको. शिळी भाकरी कुस्करून, चार दिवसांतून एकदा, अर्धी. जास्त घातली की बुरशी येते, आंबते आणि तो भाग तापतो.

टोमॅटो-मिरचीच्या बिया गांडुळं मारत नाहीत. खतातून रोपं उगवली तर नवल वाटून घेऊ नका.

गोदातीर (नांदेड)
लाल मुंग्यांचं काय? बेडमध्ये एकदा शिरल्या की पिल्लं उचलून नेतात.

दुधना (सेलू)
मुंग्या आल्या म्हणजे बेड कोरडा पडला. आधी ओल वाढवा. क्रेट स्टँडवर घ्या आणि स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)
वाट्यांतल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, हे लक्षात ठेवून करा. अंड्यापासून डास व्हायला आठवडा पुरतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी वाटीच्या भिंतीला चिकटलेली असतात. दर पाच दिवसांनी वाटी घासून धुवायची. एवढं जमणार नसेल तर पायांना दोन बोटं रुंद ग्रीसचा पट्टा लावा. धूळ बसली की पुसून नवा.

शेणामेण
मुंग्यांचा खडू, पावडर, फिनेल यांतलं काहीही क्रेटच्या जवळ नको. फरशी फिनेलनं पुसताना क्रेटखालची जागा साध्या पाण्यानं पुसा.

कयाधू (हिंगोली)
एक फोटो टाकतोय. गांडुळं वर आलीत आणि काहींच्या अंगाला मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसतात. हा रोग आहे का?

शेणामेण
रोग नाही, अपचन आहे. फोटोत नीट दिसतंय: अंग सलग नळीसारखं न राहता मणी-खाच, मणी-खाच असं आखडलंय, एक-दोन ठिकाणी फुगून फुटायला आलंय. डाळीचं पीठ, भात, भाकरी असं काहीतरी एकदम जास्त पडलं की ते आंबतं, बेडमध्ये आम्ल वाढतं आणि पोटात गेलेलं आतच आंबतं. ज्यांना माळ झाली ती बहुधा जगत नाहीत, पण बाकीची वाचतात.

आज काय करायचं ते सांगतो. घातलेलं सगळं खाणं उचलून टाका. बेड हातानं हलका मोकळा करा, खुरप्यानं नाही. निम्म्या बेडवर नवं ओलं अंथरूण घाला. अंड्याची टरफलं वाळवून, मिक्सरमधून पिठासारखी काढून, एका क्रेटला दोन चमचे भुरभुरा. आठ दिवस खाणं बंद. अंडी खात नसाल तर संगमरवराची पूड चालते. पानाला लावायचा चुना किंवा कळीचा चुना मात्र चुकूनही नको, तो भाजतो.

आणि हो, पिठूळ दिसणारे बारीक पांढरे किडे किंवा दोऱ्यासारख्या इवल्या पांढऱ्या अळ्या असतील तर त्या शत्रू नाहीत. बेड आंबट आणि ओला झालाय एवढंच त्या सांगतात.

कयाधू (हिंगोली)
भिजवलेल्या डाळीचा उरलेला वाटा घातला होता, बरोबर ओळखलंत. आत्ताच उपसतो.

गोदातीर (नांदेड)
माझ्याकडे उलट प्रश्न आहे. क्रेटखाली रोज पेलाभर काळं पाणी जमतं. व्हर्मीवॉश म्हणून झाडांना तेच देतो, चांगलं ना?

बिंदुसरा (बीड)
गोदातीर, ते व्हर्मीवॉश नव्हे, निचरा आहे. अर्धवट कुजलेल्या कचऱ्यातून ओघळलेलं पाणी. वास घेऊन बघा. गटारीसारखा येत असेल तर एकाच्या जागी दहा भाग पाणी घालून फक्त मोठ्या झाडांच्या बुडाशी द्या, पानांवर आणि कोथिंबीर-पालकावर नको.

व्हर्मीवॉश तयार, काळ्या खतातून काढतात. त्यात भरपूर जिवंत गांडुळं असतात, वरून थेंब थेंब स्वच्छ पाणी सोडायचं आणि खाली चहासारखं, वास नसलेलं पाणी जमा करायचं. मुख्य म्हणजे रोज पेलाभर निचरा येणं हीच चूक आहे. बेडमधलं मूठभर घेऊन पिळा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब डोकावले तर ओल बरोबर. धार लागली तर दोन दिवस पाणी बंद आणि कोरडा पुठ्ठा आत. काहीच आलं नाही आणि मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर कोरडं.

गोदातीर (नांदेड)
धारच लागते. पुठ्ठा घालतो.

मांजराकाठ (लातूर)
खूप उपयोगी चर्चा चालली आहे. माझं ठरलं ते असं: एक क्रेट दुधनाभाऊंच्या पद्धतीनं सुगडं पुरून चालू ठेवते, दुसरा खामकाठ म्हणतात तसा मार्चअखेर उपसते आणि बियाणं मोरीत. उपसायचा कसा, म्हणजे गांडुळं न तुटता?

भूसवाला (परभणी)
चार दिवस आधी पाणी आणि खाणं बंद. खत भुरभुरीत झालं की सावलीत पण लख्ख उजेडात प्लास्टिकच्या कागदावर त्याचे शंकूसारखे ढीग करा, प्रत्येक ढीग दोन-तीन किलोचा. गांडुळांना उजेड सोसत नाही, ती खाली सरकतात. वीस मिनिटांनी वरचा आणि बाजूचा थर हातानं ओढून घ्या. पुन्हा वीस मिनिटं थांबा. चार-पाच वेळा केलं की तळाला गांडुळांचा गोळा उरतो. खुरपं, फावडं काही लागत नाही. एप्रिलमध्ये करणार असाल तर सकाळी आठच्या आत आटपा, कागद तापला की गोळा करपतो.

काढलेलं खत ४ मिलिमीटरच्या चाळणीनं चाळा. खत नियंत्रण आदेशातही गांडूळखताला हीच चाळणी आणि १५ ते २५ टक्के ओलावा सांगितलाय. कडक उन्हात वाळवून पूड करू नका, सावलीत बारदानात ठेवा. १२ इंची कुंडीला महिन्याला एक ते दोन मुठी पुरतात.

शेणामेण
पावसाळ्यासाठी आत्ताच सांगून ठेवतो, नंतर विसरायला होतं. पहिल्या पावसाच्या आधी हवा कुंद झाली की त्या दोन-तीन रात्री गॅलरीतला दिवा चालू ठेवा. उजेडामुळे गांडुळं क्रेटबाहेर पडत नाहीत. नाहीतर सकाळी फरशीवर वाळलेल्या सुतळ्या वेचाव्या लागतात.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)
ताई, चाळताना घाई करू नका, एवढंच सांगायचंय. चाळणीत आणि खाली पडलेल्या खतात कोष असतात. लिंबाच्या आकाराचे, पण मोहरीपेक्षा थोडेसेच मोठे, दोन्ही टोकांना निमुळते. ताजे असताना पिवळसर, मेणासारखे चमकतात, फुटायला आले की तांबूस होतात. उजेडासमोर धरले तर आत पिल्लाचा लाल धागा हलताना दिसतो.

म्हणून चाळलेलं खत लगेच कुंड्यांना घालू नका. ओलसर करून तीन आठवडे बारदानाखाली सावलीत ठेवा आणि वर कलिंगडाची साल पालथी घाला, गराची बाजू खाली. दर दोन-तीन दिवसांनी साल उचला. खाली दोऱ्याएवढी पिल्लं चिकटलेली असतील, ती सालीसकट मोरीतल्या माठात झटका. साल वाळली की नवी.

मांजराकाठ (लातूर)
कलिंगडं मोंढ्यात यायला लागली आहेत. चाळणी पीठ चाळायची चालेल का, की वाळूची लागेल?

भूसवाला (परभणी)
पिठाची फार बारीक, कोष सगळे वर अडकतील नि खतही उतरणार नाही. बांधकामावर बारीक वाळू चाळायची जाळी बघा, भोक ४ मिलिमीटरचं असलं की झालं. दोन फूट बाय दोन फूट तुकडा लाकडी चौकटीला ठोकून घ्या.